विश्लेषण : ३० मिलिलिटरची बाटली विमानात कशी चढते? सोलापूरला हे नियम कळणे का गरजेचे?

होटगी रस्त्यावरील सोलापूर विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईला विमाने सुरू झाली. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद, जून २०२३ मध्ये झालेले तिचे पाडकाम, मग विमानतळाचे नूतनीकरण, एवढे सगळे पाहिलेल्या शहराला विमानाचे अप्रूप वाटणे साहजिक आहे. प्रवाशांपाठोपाठ आता माल पाठवण्याच्या गोष्टी निघतील. सोलापूरचा माल म्हटले की चादर, टॉवेल आणि शेंगाचटणी डोळ्यांसमोर येते. यांतले काहीही धोकादायक मालाच्या यादीत नाही. पण चिंचोळी एमआयडीसी आणि तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडी या पट्ट्यात अमाइन्स, सॉल्व्हंट आणि औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. त्यांचे टँकर रस्त्याने जातात आणि जातच राहतील. विमानाने जायचा असतो तो नमुना, म्हणजे ग्राहकाने तपासणीसाठी मागवलेली पाव-अर्ध्या लिटरची बाटली. गैरसमज सर्वांत जास्त आहेत ते याच बाटलीबाबत. ‘एवढेसे तर आहे, त्याने काय होणार’ हा एक, आणि ‘रसायन म्हटले की विमानात बंदीच’ हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत, आणि दोन्हींचा शेवट बहुधा एकाच ठिकाणी होतो. पार्सलवर खरे काय ते लिहिले जात नाही.

नियम कोण ठरवते?

मुळाशी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीचे वर्गीकरण आहे. स्फोटके, वायू, ज्वालाग्राही द्रव, ज्वालाग्राही घन, ऑक्सिडायझर, विषारी, किरणोत्सारी, क्षारक आणि इतर असे नऊ वर्ग, आणि प्रत्येक पदार्थाला चार अंकी यूएन क्रमांक. हवाई वाहतुकीसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे ‘आयकाओ’, या वर्गीकरणावर तांत्रिक सूचना काढते. त्यांना शिकागो कराराच्या १८व्या परिशिष्टाचा आधार आहे. विमान कंपन्यांची संघटना ‘आयाटा’ त्याच सूचनांवर आधारित पुस्तक दरवर्षी प्रसिद्ध करते आणि काउंटरवर तेच चालते. भारतात यासाठी विमानातून धोकादायक माल नेण्याबाबतची नियमावली आहे आणि अंमलबजावणी ‘डीजीसीए’कडे आहे. विमान कंपनीला असा माल स्वीकारायचा तर आधी डीजीसीएची परवानगी लागते. म्हणजे नियमाने माल चालत असला तरी समोरची कंपनी तो घेईलच असे नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

‘थोडे’ म्हणजे नेमके किती?

येथेच नियमांची खरी गंमत आहे. ‘थोडे’ हा शब्द नियमांत ढोबळ नाही. त्याच्या तीन-चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर सवलत वेगळी.

सर्वांत खालच्या पायरीवर आतल्या बाटलीत १ मिलिलिटर किंवा १ ग्रॅम आणि पूर्ण खोक्यात १०० मिलिलिटर किंवा १०० ग्रॅम एवढाच पदार्थ असतो. वेष्टन नियमाप्रमाणे असेल आणि पदार्थ या सवलतीत बसणारा असेल, तर या पार्सलला धोकादायक मालाचे बाकीचे नियम जवळपास लागू होत नाहीत.

त्यावरची पायरी ‘एक्सेप्टेड क्वांटिटी’ची, म्हणजे सवलतीच्या प्रमाणाची. प्रत्येक पदार्थापुढे ई-० ते ई-५ यांपैकी एक संकेत दिलेला असतो. ई-० म्हणजे सवलत नाही. ई-१, ई-२ आणि ई-३ मध्ये आतल्या बाटलीची मर्यादा ३० मिलिलिटर किंवा ३० ग्रॅम. बारमध्ये ज्याला छोटा पेग म्हणतात, तेवढीच. फरक आहे तो बाहेरच्या खोक्याच्या एकूण मर्यादेत : ई-१ ला १०००, ई-२ ला ५००, ई-३ ला ३००. विषारी पदार्थांसाठीच्या ई-४ आणि ई-५ मध्ये आतली मर्यादा थेट १ ग्रॅम किंवा १ मिलिलिटरवर येते आणि खोक्याला अनुक्रमे ५०० आणि ३००.

उदाहरण घेतले की हे आकडे बोलू लागतात. औषधांच्या प्रयोगशाळेत एचपीएलसी यंत्राला लागणारे असिटोनायट्रिल हा यूएन १६४८ क्रमांकाचा ज्वालाग्राही द्रव. त्याचा संकेत ई-२. ग्राहकाने अर्धा लिटर नमुना मागितला आणि तो एका बाटलीत भरला, तर ही सवलत लागू होत नाही. तोच नमुना ३० मिलिलिटरच्या १६ बाटल्यांत भरला तर ४८० मिलिलिटर होतात आणि खोके बसते. सतरावी बाटली ठेवली की एकूण ५१० होते आणि सवलत संपते. डायमिथाइल फॉर्मामाइड, म्हणजे कारखान्यातल्या बोलीत ‘डीएमएफ’, ई-१ मध्ये येते. त्याच्या ३३ बाटल्या एका खोक्यात जाऊ शकतात. पण दोन्ही नमुने एकाच खोक्यात घातले की कडक संकेत पूर्ण खोक्याला लागू होतो आणि एकूण ५००च्या वर जाता येत नाही.

वरवर पाहता हा हिशोब खुळेपणाचा वाटतो. द्रव तोच, प्रमाण जवळपास तेच, मग एक बाटली आणि सोळा बाटल्या यांत फरक कसला? फरक आहे तो फुटण्यात. अर्ध्या लिटरची बाटली फुटली तर सगळे एकदम सांडते. सोळांपैकी एक फुटली तर दोन मोठे चमचे सांडतात आणि भोवतीचा शोषक कागद ते टिपून घेतो. विमानाच्या मालकप्प्यात उड्डाणादरम्यान कोणी जाऊन फडके मारू शकत नाही. तेव्हा प्रश्न ‘किती नेले’ हा नसून ‘एका वेळी किती बाहेर येऊ शकते’ हा आहे. एकाच पाठवणीत अशी एकाहून अधिक खोकी असू शकतात, याचेही कारण हेच. मर्यादा बाटलीला आणि खोक्याला आहे.

तिसरी पायरी ‘लिमिटेड क्वांटिटी’ची. असिटोनायट्रिलसाठी तेथे खोक्यामागे १ लिटर चालते, डीएमएफसाठी १० लिटर, आणि खोक्याचे एकूण वजन ३० किलोच्या आत हवे. खोके प्रमाणित यूएन छापाचे नसले तरी चालते, पण १.२ मीटरवरून पडण्याची चाचणी त्याने झेललेली असली पाहिजे. मात्र रस्त्याने लिमिटेड क्वांटिटी पाठवणाऱ्यांची येथे एक चूक हमखास होते. विमानाने पाठवताना या पायरीवर धोकादायक मालाचे घोषणापत्र द्यावेच लागते. त्याच्याही वर पूर्ण नियमांचा माल येतो. त्यात असिटोनायट्रिल प्रवासी विमानातून खोक्यामागे ५ लिटर आणि फक्त मालवाहू विमानातून ६० लिटर जाऊ शकते. म्हणजे ‘बंदीच आहे’ हे म्हणणे किती चुकीचे, ते या आकड्यांवरून दिसते.

खोके कसे असावे?

सवलतीच्या प्रमाणात कागदपत्रे कमी होतात, वेष्टन नाही. उलट तेथे चाचणी अधिक कडक आहे. भरलेले खोके १.८ मीटरवरून, म्हणजे उंच माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवरून, कठीण जमिनीवर पाडायचे. तळावर, माथ्यावर, लांब बाजूवर, आखूड बाजूवर आणि कोपऱ्यावर. शिवाय त्याच्यावर ३ मीटर उंचीच्या थप्पीइतके वजन २४ तास ठेवायचे. आतली बाटली फुटता कामा नये, गळता कामा नये. रचना तीन थरांची : आतली बाटली, तिच्याभोवती उशीसारखे मधले वेष्टन आणि बाहेरचे मजबूत खोके. द्रव असेल तर सगळा द्रव शोषून घेईल एवढे शोषक साहित्य. बाटलीचे बूच टेपने किंवा तारेने पक्के केलेले.

यातली एक अट सोलापूरकरांना लगेच पटावी. ५५ अंश सेल्सिअस तापमानालाही बाटली द्रवाने काठोकाठ भरलेली असता कामा नये, थोडी मोकळी जागा राहिलीच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली किंवा बंद टेम्पोत उभ्या राहिलेल्या पार्सलचे काय होते, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गरम झालेला द्रव फुगतो. त्यात विमान वर गेले की भोवतालचा दाब कमी होतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, तर उडत्या विमानाच्या आतला दाब सुमारे २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा होऊ शकतो. जमिनीवर घट्ट वाटणारे बूच तेथे पाझरू लागते.

खोक्यावर १० सेंटिमीटरचे चौकोनी चिन्ह लागते, तिरक्या रेघांची किनार असलेले. त्यात पदार्थाचा वर्ग आणि पाठवणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे नाव. एअर वेबिलवर हा माल सवलतीच्या प्रमाणातला धोकादायक माल असल्याची नोंद आणि खोक्यांची संख्या. एवढे केले की वेगळे घोषणापत्र लागत नाही. पण वर्गीकरण बरोबर असणे, पॅक करणारा माणूस प्रशिक्षित असणे आणि काही घडले तर ते कळवणे, या जबाबदाऱ्या कायम राहतात.

भुसा आणि चिंध्या

वेष्टनाबाबतचा हा कडकपणा अनुभवातून आलेला आहे. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी पॅन अमेरिकन कंपनीचे बोइंग ७०७ मालवाहू विमान न्यूयॉर्कहून स्कॉटलंडकडे निघाले. वाटेत कॉकपिटमध्ये धूर झाला, विमान बॉस्टनकडे वळवले गेले आणि तेथे उतरताना कोसळले. तिघेही कर्मचारी मृत्युमुखी पडले. विमानात काचेच्या बाटल्यांतले नायट्रिक आम्ल होते आणि त्या बाटल्या लाकडाच्या भुशात पॅक केल्या होत्या. आम्ल गळून भुशाशी त्याची प्रक्रिया झाली असावी, याकडे चौकशीने बोट दाखवले. भुसा काच फुटू नये म्हणून घातला होता. आम्ल बाहेर आले तर तोच पेट घेईल, हा विचार कोणी केला नाही.

सोलापुरात भुशाइतकीच, किंबहुना त्याहून स्वस्त मिळणारी गोष्ट म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांतली चिंधी. पार्सलात पोकळी भरायला ती सर्रास वापरली जाते आणि चादरी-भांड्यांसाठी ती उत्तमच आहे. पण सुती चिंधीभोवती ऑक्सिडायझर किंवा तीव्र आम्लाची बाटली ठेवणे म्हणजे १९७३ची पुनरावृत्ती. शोषक साहित्य आतल्या पदार्थाशी प्रक्रिया करणारे नसावे, अशी नियमांत स्पष्ट अट आहे. ती पाळायला वेगळा खर्च येत नाही, आत काय आहे हे पॅक करणाऱ्याला माहीत असावे लागते.

रुग्णालयांच्या नमुन्यांचे काय?

वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि खासगी रुग्णालयांमुळे सोलापूर हे धाराशिवपासून विजयपूर-कलबुर्गीपर्यंतच्या रुग्णांचे केंद्र आहे. येथील रक्त, थुंकी, बायोप्सीचे नमुने मोठ्या प्रयोगशाळांकडे जातात. त्यांचे नियम वेगळे आहेत. ‘जैविक पदार्थ, गट ब’ म्हणजे यूएन ३३७३ मध्ये आतल्या भांड्यात कमाल १ लिटर आणि खोक्यात ४ लिटर द्रव चालतो. येथेही वेष्टन तिहेरी. अतिघातक जंतूंच्या गट अ ला प्रवासी विमानात केवळ ५० मिलिलिटर. नमुना थंड ठेवायला कोरडा बर्फ घातला तर खोक्यातून वायू बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. हवाबंद डब्यातला कोरडा बर्फ डबाच फोडतो.

बायोप्सीचा तुकडा ज्या फॉर्मालिनमध्ये ठेवतात त्याबाबत मात्र विनाकारण घबराट असते. फॉर्माल्डिहाइड २५ टक्के किंवा अधिक असेल तर तो द्रव क्षारक वर्गात जातो. १० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान तो फक्त हवाई वाहतुकीपुरता नियंत्रित आहे. १० टक्क्यांच्या खाली हे बंधन नाही. आता प्रयोगशाळेत ज्याला ‘१० टक्के फॉर्मालिन’ म्हणतात, त्यात फॉर्माल्डिहाइड असते जेमतेम ४ टक्के. म्हणजे बाटलीवरचा आकडा पाहून नमुना परत पाठवणारा काउंटरवरचा कर्मचारी आणि बाटलीवर काहीच न लिहिणारा तंत्रज्ञ, दोघेही एकाच अज्ञानाची दोन टोके आहेत.

प्रवाशाच्या पिशवीत काय चालते?

येथे एक उलटी गोष्ट आहे. खोक्यातून माल म्हणून जाणारी सवलतीतली बाटली प्रवाशाच्या बॅगेत चालत नाही, केबिनमध्येही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. प्रवाशांसाठी वेगळी यादी आहे. औषधे आणि प्रसाधने एका नगाला अर्धा लिटर किंवा अर्धा किलो, माणशी एकूण २ लिटर किंवा २ किलो. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानातील द्रवावर असणारी १०० मिलिलिटरची मर्यादा हा सुरक्षेचा नियम आहे. तो २००६ मध्ये लंडनमध्ये उघड झालेल्या कटानंतर आला. धोकादायक मालाच्या नियमांशी त्याचा संबंध नाही. ‘१०० मिलीच्या आत आहे’ असे सांगून ॲसिटोनची बाटली नेऊ पाहणारा प्रवासी दोन नियमांची गल्लत करत असतो.

सोलापूरला उतरणाऱ्यांत तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरचे भाविक असणारच. परतताना त्यांच्या पिशवीत कापूर आणि खोबऱ्याची वाटी असू शकते. कापूर हा वर्ग ४.१चा ज्वालाग्राही घन, यूएन २७१७. सुके खोबरे वर्ग ४.२ मध्ये येते, यूएन १३६३. त्यातल्या तेलाचे हवेशी हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन मोठा साठा आपोआप तापू शकतो. बाळ्याच्या खंडोबाला भंडाऱ्यासोबत उधळल्या जाणाऱ्या खोबऱ्याला संयुक्त राष्ट्रांनी क्रमांक दिला आहे, हे ऐकून हसू येईल. पण काउंटरवर वाटी काढून घेतली जाते तेव्हा भाविकाला तो अपमान वाटतो. विमानतळावर ठळक मराठी आणि कन्नड फलक लावून हे आधीच सांगता येईल.

मग अडचण कुठे आहे?

नियम छोट्या पाठवणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत, पण ते छोट्या पाठवणाऱ्यापर्यंत पोहोचलेलेच नाहीत. हे पुस्तक इंग्रजीत आहे, दरवर्षी बदलते आणि विकत घ्यावे लागते. ज्याचे पालन न केल्यास शिक्षा होते, तो नियम वाचण्यासाठी पैसे मोजावे लागणे ही मुळातच न पटणारी गोष्ट आहे. मोठ्या कंपनीला हा खर्च किरकोळ असतो. दोन खोल्यांत प्रयोगशाळा चालवणाऱ्याला किंवा परदेशी नियतकालिकासाठी नमुना पाठवणाऱ्या प्राध्यापकाला तो नसतो.

दुसरी अडचण सरसकट नकाराची. अनेक ठिकाणी कुरिअरच्या काउंटरवर ‘केमिकल? नाही घेत’ एवढ्यावर संभाषण संपते. विमान कंपन्यांची बाजू समजण्यासारखी आहे. आग लागली तर विमान त्यांचे, प्रवासी त्यांचे आणि जबाबदारीही त्यांचीच. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईजवळ यूपीएसचे मालवाहू विमान लिथियम बॅटऱ्यांच्या आगीनंतर कोसळले आणि दोन वैमानिक गेले. त्यानंतरच्या वर्षांत नियम कडक होत गेले आणि एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास मनाई झाली. ती मनाई योग्यच आहे. या बॅटऱ्यांना सवलतीचे प्रमाणही नाही. पण ज्या पदार्थाला नियमांनी वाट ठेवली आहे, त्यालाही दार बंद केले की पाठवणारा थांबत नाही. तो खोक्यावर ‘सॅम्पल, किंमत शून्य’ असे लिहितो. क्ष-किरण यंत्रात द्रव दिसतो, त्याचे नाव दिसत नाही. घोषित केलेल्या सोळा बाटल्या नीट पॅक केलेल्या असतात. अघोषित बाटली वर्तमानपत्रात गुंडाळलेली असते आणि ती प्रवाशांच्या पायाखालच्या कप्प्यात जाते. कडक वाटणारा नकार असा प्रत्यक्षात धोका वाढवतो.

शिक्षेची भीती पुरेशी नाही, हेही दिसते. विमान कायद्याच्या २०२०च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा १० लाखांवरून १ कोटी रुपयांवर नेली, कैद दोन वर्षांपर्यंत आहेच. पण आपण गुन्हा करत आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला एक कोटीचा आकडा कसा रोखणार?

सोलापुरात काय करता येईल?

फार मोठे काही नाही. प्रत्येक रसायनासोबत सोळा भागांचे सुरक्षा माहितीपत्रक येते. त्याच्या चौदाव्या भागात यूएन क्रमांक, वर्ग आणि पॅकिंग ग्रुप छापलेला असतो. माहिती कारखान्याच्या फाइलमध्ये आहे, ती पॅकिंगच्या टेबलापर्यंत जात नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी याच कारखान्यांत नोकरीला लागतात. त्यांना हा चौदावा भाग वाचायला शिकवणे अवघड नाही. चेंबर ऑफ कॉमर्सने आणि एमआयडीसीतील उद्योजकांनी मिळून डीजीसीए-मान्य प्रशिक्षण संस्थेचा वर्ग वर्षातून एकदा सोलापुरात भरवला, तर छोट्या उद्योगाचा माणूस पुण्या-मुंबईला पाठवण्याचा खर्च वाचेल.

खरी जबाबदारी मात्र डीजीसीएची आहे. सवलतीच्या प्रमाणाचे नियम आठ-दहा पानांत, मराठीसह भारतीय भाषांत आणि विनामूल्य उपलब्ध करून देणे तिला सहज शक्य आहे. आणि परवानगी असलेल्या कंपन्यांनी कोणता माल कोणत्या काउंटरवर स्वीकारला जाईल, हे जाहीर करावे, अशी अटही ती घालू शकते.

बोरामणीचे मोठे विमानतळ वर्षानुवर्षे चर्चेत आहे, होटगीहून उडणारी विमाने छोटी आहेत. रसायनांचे नमुने विमानात चढवायचे तर आजही पुणे, मुंबई किंवा हैदराबादच्या मालकेंद्रापर्यंतचा रस्ता धरावा लागतो. पण खोके भरले जाते ते चिंचोळीत किंवा तामलवाडीत, आणि ते बरोबर भरले की नाही हे तेथेच ठरते. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दोन वर्षांनी नवे करावे लागते आणि पुस्तकाची नवी आवृत्ती दर १ जानेवारीला लागू होते. गेल्या वर्षीच्या आवृत्तीवरून भरलेला माल काउंटरवरून परत येऊ शकतो. पाचशे किलोमीटरचा हा हेलपाटा टाळायचा, तर सोलापूरच्या पॅकिंगच्या टेबलावर चालू वर्षाचे पुस्तक आणि ते वाचता येणारा एक तरी माणूस असावा लागेल.